एटीएमचा बँड दिसत नाही, अँटीबॉडी खराब झाली असेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वेस्टर्न ब्लॉटसाठी (प्रोटीनं जेलमध्ये आकाराप्रमाणे वेगळी करून, मेम्ब्रेनवर उतरवून अँटीबॉडीने ओळखायची पद्धत) मागवलेली, एटीएम या डीएनए-दुरुस्तीतल्या प्रोटीनची अँटीबॉडी मे महिन्यात वडोदऱ्याला पोचली तेव्हा खोक्यातला बर्फ वितळलेला होता. आता हेला पेशींच्या (लॅबमध्ये वाढवलेल्या, माणसाच्या कर्करोगाच्या) लायसेटमध्ये, म्हणजे पेशी फोडून काढलेल्या अर्कात, ३५० किलोडाल्टनला (एटीएमच्या आकाराच्या जागी) काहीच दिसत नाही, अ‍ॅक्टिन मात्र ठसठशीत येतं. नवी कुपी मागवायची का?

एवढ्यात मागवू नका. एखाद-दोन दिवस गरम राहिल्याने आयजीजी (अँटीबॉडीचा नेहमीचा प्रकार) सहसा मरत नाही. पुन्हा पुन्हा गोठवण्या-वितळवण्याने तिचं जास्त नुकसान होतं. माझा संशय ट्रान्सफरवर, म्हणजे जेलमधून मेम्ब्रेनवर प्रोटीन उतरवण्यावर, आहे. अ‍ॅक्टिन ४२ किलोडाल्टनचं, ते कशातूनही सहज निघतं. ३०५६ अमिनो आम्लांचं एटीएम मेम्ब्रेनवर पोचलं की नाही, हे त्यावरून अजिबात कळत नाही.

म्हणून आधी ट्रान्सफर झालेला जेल फेकू नका, कूमासी या प्रोटीन-रंगाने रंगवा. वरच्या भागात ठळक बँड उरले असतील तर प्रोटीन जेलमध्येच अडकलंय, आणि अँटीबॉडीवर कितीही प्रयोग केले तरी उपयोग नाही.

जेल १० टक्क्यांचा असेल तर बदला. ६ टक्के ट्रिस-ग्लायसीन किंवा ३ ते ८ टक्के ट्रिस-अ‍ॅसिटेट घ्या, ७० किलोडाल्टनची खूण तळाशी येईपर्यंत चालवा. अ‍ॅक्टिन त्यात निसटून जाईल, तेव्हा लोडिंग कंट्रोलला (सगळ्या लेनमध्ये प्रोटीन सारखं भरलंय ना, हे पाहायला) व्हिन्क्युलिन लावा. बरेच लॅडर (आकाराच्या खुणा देणारी प्रोटीन-मिश्रणं) २५० वरच संपतात. ४६० पर्यंत जाणारा मिळाला तर अंदाजपंचे काम उरत नाही.

सेमी-ड्राय नको, वेट ट्रान्सफरच करा. मेथॅनॉल २० ऐवजी १० टक्के ठेवा, कारण त्याने जेल आकसतो आणि प्रोटीनवरचं एसडीएस (त्याला विद्युतभार देणारं डिटर्जंट) सुटतं. मोठी प्रोटीनं तिथेच थिजतात. बफरमध्ये ०.०५ टक्के एसडीएस घाला. मेम्ब्रेन ०.४५ मायक्रॉनची पीव्हीडीएफ, आधी मेथॅनॉलमध्ये भिजवलेली. ४ अंशांवर ३० व्होल्टने रात्रभर. पॉवर पॅक यूपीएसवर जोडा: रात्री वीज गेली तर काही पॅक परत आपोआप सुरू होत नाहीत आणि सकाळपर्यंत पत्ता लागत नाही. कोल्ड रूम नसेल तर टाकी बर्फात ठेवून १०० व्होल्टने २ तास. आपल्याकडच्या मे महिन्यात बर्फ मध्येच बदलावा लागतो.

नमुन्याकडेही बघा. एटीएम मुख्यतः केंद्रकात असतं, तेव्हा लायसेट थोडं सोनिकेट करा (ध्वनिलहरींनी फोडा), लेनमध्ये ४० ते ५० मायक्रोग्रॅम भरा आणि ९५ अंशांना उकळण्याऐवजी ७० अंशांवर १० मिनिटं ठेवा. पीएमएसएफ (प्रोटीन कापणारी एन्झाइम रोखणारं रसायन) पाण्यात लवकर निकामी होतं, ते ऐनवेळी घाला. इटोपोसाइड (डीएनए तोडणारं औषध) २४ तास दिलं असेल तर पेशी मरायला लागतात, कॅस्पेज-३ हे एन्झाइम एटीएमला कापतं आणि पूर्ण लांबीचा बँड फिका पडतो. सेरीन १९८१ चं फॉस्फोरिलेशन (एटीएम सक्रिय झाल्याची खूण) पाहायचं असेल तर इटोपोसाइड १० मायक्रोमोलर, १ तास पुरे. ब्लॉकिंगला (मेम्ब्रेनच्या रिकाम्या जागा भरायला) दुधाऐवजी बीएसए हे प्रोटीन, आणि फॉस्फेट टिकवायला बफरमध्ये १० मिलिमोलर सोडियम फ्लोराइड. नमुना माऊसचा असेल तर तीच जागा सेरीन १९८७ आहे, डेटाशीटमध्ये प्रजाती तपासा.

एवढं करूनही ३५० ला कोरंच राहिलं, तर मग अँटीबॉडीची परीक्षा. एटीएमच्या दुसऱ्या भागाला (एपिटोपला) चिकटणारी अँटीबॉडी मेम्ब्रेनचा तुकडा कापून त्यावर लावा. शेजारच्या लॅबकडे बहुधा असते. आणि बँड आला, तरी सायआरएनएने (जनुक गप्प करणाऱ्या आरएनएने) एटीएम कमी केलेली, ७२ तासांची एक लेन शेजारी हवीच. त्या लेनमध्ये तो फिका पडला नाही, तर दिसतंय ते दुसरंच काही आहे.