वाळूवर गाडीची धडक : 20 हजारांवर सही करावी का?

प्रश्न : वय 42. नागावच्या किनाऱ्यावर डोक्यावर पाटी घेऊन ताडगोळे विकते. चार महिन्यांपूर्वी पर्यटकाच्या गाडीने ठोकलं. घोटा मोडला, प्लेट बसवली. गुन्हा नोंद आहे. गाडीवाला म्हणतो, 'किनारा म्हणजे रस्ता नव्हे, तुझ्याकडे परवानाही नाही. 20 हजार घे, सही कर.'

उत्तर : ताई, सही करू नका. 'आता काही येणे नाही' असं लिहून घेतलेला तो कागद पुढे तुमच्याच विरुद्ध वापरतील.

मोटार वाहन कायद्यात सार्वजनिक ठिकाण म्हणजे लोकांना जायचा हक्क असलेली जागा. डांबर लागत नाही. परवाना नसला म्हणून भरपाईचा हक्क जात नाही. हाड मोडणं ही गंभीर दुखापत आहे. कलम 164 खाली चूक सिद्ध न करताही तिला अडीच लाख आहेत. तुमचं नुकसान त्याहून मोठं दिसतं, म्हणून कलम 166 खाली चालक, मालक आणि विमा कंपनी तिघांवर अलिबागच्या मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा लावा. मुदत अपघातापासून सहा महिने, म्हणजे दोनच उरले. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण स्त्रियांना उत्पन्न न विचारता मोफत वकील देतं.

दवाखान्यातला पहिला केसपेपर आजच बघा. घाईत 'पडून इजा' लिहिलं जातं आणि विमा कंपनी त्या दोन शब्दांवर अडून बसते. वाळूवरच्या चाकांच्या खुणा तर पुढच्या भरतीलाच गेल्या असणार. त्यामुळे धडक पाहिलेल्या घोडागाडीवाल्याचे, शेजारच्या विक्रेतीचे जबाब पोलिसांनी घेतलेत का, विचारा.

कमाईच्या पुराव्यासाठी क्यूआर कोडवर जमा झालेल्या पैशांचा बँक उतारा, बचत गटाचं पासबुक, ताडगोळे देणाऱ्याचा जबाब चालतो.

खरी लढाई अपंगत्वाच्या टक्क्यांवर होते. दाखल्यावर पायाचं 15 टक्के असेल, पण पाटी घेऊन वाळूत चालणाऱ्या बाईची कमाई किती बुडाली, हे न्यायाधिकरणाने वेगळं ठरवायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली राजकुमार खटल्यात तसं सांगितलंय. समजा कमाई महिना 12 हजार. तुमच्या वयाला भविष्यातली वाढ 25 टक्के, म्हणजे 15 हजार, वर्षाचे 1 लाख 80 हजार, त्याला वयानुसार ठरलेल्या गुणकाने, म्हणजे 14 ने गुणलं की एकूण 25 लाख 20 हजार. कमाईची हानी 30 टक्के धरली तर 7 लाख 56 हजार, शिवाय औषधपाणी, वेदना आणि घरी बसलेले महिने वेगळे. दाखला देणाऱ्या डॉक्टरांची साक्ष मात्र घ्यायला लावा. ती झाली नाही तर विमा कंपनी दाखल्यावरच हरकत घेते आणि टक्के खाली येतात.