आर्किटेक्चरला आलीस, आता पैशाचं बोलू

वाळपईहून पणजीत आल्तिनोच्या आर्किटेक्चर कॉलेजात पोचलीस, बरं झालं. सरकारी कॉलेज म्हणून फी झेपते, पण खरा खर्च त्यापुढचा. माउंट बोर्ड, ए-वन प्रिंट, लॅपटॉप. ज्युरीला, म्हणजे परीक्षकांपुढे काम मांडताना, कोणी लेझर-कट मॉडेल घेऊन येईल. तू पुठ्ठ्याचंच कर, फक्त स्केल लोखंडी घे आणि कटरचं पातं बोथट होण्याआधी मोडत जा. कडा स्वच्छ आल्या की निम्मं काम झालं. मार्क कमी पडले तर आराखड्यात काय चुकलं हे सरांना थेट विचार. ऑटोकॅड, म्हणजे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर, विद्यार्थ्यांना फुकट मिळतं, चोरीच्या 'क्रॅक' कॉपीच्या नादी लागू नकोस.

एखाद्या ऑफिसात ट्रेनिंगला जाण्याआधी स्टायपेंड विचार आणि ईमेलवर लिहून घे. 'शिकायला मिळतंय ना' म्हणणारे मलाही भेटले. बिनपगारी काम ज्यांचं पणजीतलं भाडं घरून येतं त्यांनाच परवडतं! नावाजलेला स्टुडिओ नाही मिळाला तर म्हापसा-फोंड्यातलं एखादं साधं ऑफिस बघ, जिथे पंचायत आणि टाउन प्लॅनिंगच्या फायली रोज हलतात. नकाशांवर सरकारी शेरे कशामुळे येतात, ते तिथेच कळतं.

पहिलं काम पुष्कळांना काकांच्या बंगल्याचं मिळतं. आपले काका कुळागरवाले, सुपारीच्या बागेतले, ते कुठला बंगला बांधणार! म्हणून थोडी वर्षं नोकरी धर. पदवीनंतर कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी मात्र लगेच कर. १९७२च्या कायद्यानुसार तिच्याशिवाय 'आर्किटेक्ट' म्हणवता येत नाही. आणि दुसऱ्याच्या नकाशावर नुसत्या सहीसाठी कोणी पैसे देऊ केले, तर घेऊ नकोस.