वाचकांचे प्रश्न: सावकाराच्या नावावर चढलेली जमीन

प्रश्न: २०१६ मध्ये शेकडा पाचने दोन लाख घेतले. गहाणखत न करता दीड एकराचं खरेदीखतच करून दिलं. पैसे फिटले की जमीन उलटी फिरवून देऊ, असं तोंडी ठरलं होतं. सातबारा त्यांच्या नावावर आहे, कसतो आम्हीच. जमीन सुटेल का?

उत्तर: सुटू शकते. सावकारी नियमन कायदा, २०१४ च्या कलम १८ खाली जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करा. व्यवहार अर्जाच्या तारखेपासून मागच्या १५ वर्षांतला लागतो, तुमचा बसतो. जमीन सावकारी कर्जापोटीच गेली अशी त्यांची खात्री पटली, तर नोंदणी झालेलं खरेदीखतही ते अवैध ठरवू शकतात. निकाल विरोधात गेल्यास एक महिन्यात विभागीय सहनिबंधकांकडे अपील करा.

घोडं अडतं ते पुराव्यापाशी. समोरचा म्हणणार, मी रोख मोजून जमीन विकत घेतली. म्हणून २०१६ नंतरचे सातबारे काढा आणि पीकपाहणीत कोणाचं नाव लागलंय ते बघा. खरेदीखतातली किंमत त्या वर्षीच्या रेडी रेकनरशी, म्हणजे सरकारने ठरवलेल्या जमिनीच्या दराशी ताडा. फार कमी असेल तर ती तुमच्या बाजूने बोलते. व्याज खात्यातून किंवा फोनवरून दिलं असेल तर बँकेचा उतारा जोडा.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, एखाद्याला एकदाच दिलेले हातउसने पैसे सावकारी ठरत नाहीत, तो धंदा असल्याचं दिसावं लागतं. त्याच माणसाने गावात आणखी कोणाकोणाच्या जमिनी लिहून घेतल्यात, ते दुय्यम निबंधकांकडच्या सूची क्रमांक २ मध्ये, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्तांच्या यादीत सापडतं. तसे दोन-तीन दस्त निघाले की अर्जाला वजन येतं. परवाना आहे का, हेही तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे लेखी विचारा. विनापरवाना सावकारीला ५ वर्षांपर्यंत कैद आहे.

प्रश्न: परवाना असलेल्या सावकाराकडे सोनं ठेवून ५०,००० घेतले. मी नोकरदार आहे. महिन्याला १,५०० व्याज बरोबर आहे का?

उत्तर: नाही. शासनाने ठरवलेला दर तारणी कर्जाला शेतकऱ्यासाठी वर्षाला ९ टक्के आणि इतरांसाठी १५ टक्के आहे. विनातारण असेल तर १२ आणि १८. तुमचं व्याज महिन्याला ६२५ रुपये होतं. शिवाय दामदुप्पटीचा नियम आहे: व्याजाची एकूण वसुली मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये. प्रत्येक हप्त्याची पावती त्याच वेळी मागून घ्या.