दोन मॉर्गन डॉलर (अमेरिकेची जुनी चांदीची नाणी), साल-टांकसाळ एकच, ग्रेडही एमएस-६५ (न वापरलेल्या नाण्यांच्या ६० ते ७० या दर्जाश्रेणीतला). मग लिलावात भाव वेगळा का?

कारण त्या ६५ मध्ये जेमतेम बसलेलं नाणंही असतं आणि ६६ थोडक्यात हुकलेलंही. लिलावांच्या साइटवर विकल्या गेलेल्या लॉटचे फोटो शेजारी-शेजारी मोठे करून पाहा. नाण्यावरच्या लिबर्टी देवीच्या गालावरचा ओरखडा लगेच डोळ्यांत भरतो, तेवढाच ओरखडा केसांत लपून जातो. न्यू ऑर्लीन्सच्या, म्हणजे ‘ओ’ खुणेच्या बऱ्याच नाण्यांवर कानावरचे केस आणि गरुडाची छाती पुसट उठलेली असते. ठसा नीट उमटलेल्याला साहजिकच जास्त बोली. नैसर्गिक इंद्रधनुषी छटा असेल तर हौशी लोक कित्येक पट मोजतात (मला तरी ते अतीच वाटतं). सीएसीचं (ग्रेड मिळालेली नाणी पुन्हा तपासणाऱ्या अमेरिकी कंपनीचं) हिरवं स्टिकर असलं की भाव आणखी चढतो. मात्र एकाच लिलावावरून निष्कर्ष काढू नका. दोन हट्टी गिऱ्हाइकं भिडली की साधं नाणंही महाग जातं.