सेडान ट्रॅफिकमध्ये उभी राहिली की टेंपरेचरचा काटा वर जातो, हायवेला मात्र नॉर्मल असतो, काय बिघडलं असेल?

बहुतेक रेडिएटरचा फॅन फिरत नाहीये, आधी तोच बघा. गाडी वेगात असताना समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड ठेवतो, उभी राहिली की सगळा भार फॅनवर, म्हणून हायवेला काही कळतच नाही. उभ्या गाडीत एसीचा गारवा कमी होतो का तेही बघा, कारण उभ्या गाडीत कंडेन्सरला (रेडिएटरच्या पुढे बसवलेली एसीची जाळी) हवा बहुतेक गाड्यांत तोच फॅन देतो. चेक करायला इंजिन चालू ठेवून एसी लावा, बॉनेट उघडून नुसतं बघा (हात लांबच, फॅन कधीही सुरू होतो), बऱ्याच गाड्यांत थोड्याच वेळात फिरायला पाहिजे. नाही फिरला तर लगेच मोटर बदलू नका, आधी फ्यूज, मग रिले (फॅनचा करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच, फ्यूज बॉक्समधला सेम नंबरचा दुसरा रिले लावून बघता येतो), मग मोटरचा कनेक्टर जळलाय का ते.

फक्त एक, कूलंट सारखा कमी होत असेल तर प्रकरण वेगळं, लीकेज किंवा हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधलं सील) गेलेलं असू शकतं, मग गाडी चालवत राहू नका. आणि गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण अजिबात उघडू नका, उकळता कूलंट प्रेशरने थेट अंगावर येतो.