कौन्सिलच्या अधिकाऱ्याला ‘आम्ही कझिन आहोत’ असं सांगू का?

पूर्व लंडनच्या ईस्ट हॅममधून एका तरुणाने विचारलं आहे: जुन्या दुमजली घरात आम्ही पाच जण राहतो. मी लातूरचा, एक नाशिकचा, दोघे हैदराबादचे, एक केरळचा. खोल्या वेगळ्या, स्वयंपाकघर आणि बाथरूम एकच. प्रत्येकी महिना 600 पौंड भाडं. ते घेणारा माणूस मूळ मालक नाही. त्याने मालकाकडून घर घेऊन आम्हाला पुढे दिलं आहे. पुढच्या दाराचं कुलूप मोडलेलं आहे, मागच्या गल्लीत रात्री टोळकं बसतं. शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून कौन्सिलचा, म्हणजे इथल्या पालिकेचा, अधिकारी घर बघायला येणार आहे. भाडं घेणारा म्हणतो, सगळे कझिन आहोत असं सांगा, नाहीतर घर खाली करा. व्हिसाला धोका नको, म्हणून गप्प राहावं असं वाटतं.

कझिन आहोत असं सांगू नका. एकानेही नाही.

त्याला नेमका हाच शब्द का हवा आहे, ते आधी समजून घ्या. पाच किंवा जास्त माणसं, दोन किंवा जास्त कुटुंबांची, स्वयंपाकघर किंवा बाथरूम वाटून राहत असतील तर इंग्लंडमध्ये त्या घराला एचएमओ (हाउस इन मल्टिपल ऑक्युपेशन, म्हणजे अनेक कुटुंबांनी वाटून राहायचं घर) परवाना लागतोच. पूर्वी घर तीन मजली असण्याची अट होती. 1 ऑक्टोबर 2018 पासून ती गेली, त्यामुळे तुमचं दुमजली घरही त्यात येतं. आता 2004 च्या हाउसिंग अ‍ॅक्टमध्ये ‘कुटुंब’ म्हणजे कोण याची यादी आहे. त्यात काका, मामा, पुतण्या, भाचा यांच्याबरोबर कझिनही आहेत. तुम्ही पाच जण कझिन ठरलात की कागदावर एकच कुटुंब उरतं आणि एचएमओ परवान्याचा प्रश्नच मिटतो. तुम्हाला पढवणाऱ्याला हे कलम चांगलं ठाऊक असावं.

घराला परवाना नसेल, तर आज विनापरवाना घर चालवण्याचा गुन्हा त्याच्या डोक्यावर आहे. अशा घरात भाड्याने राहणं हा तुमचा गुन्हा नाही. पण अधिकाऱ्याला जाणूनबुजून खोटी माहिती दिलीत, तर त्याच कायद्याच्या कलम 238 खाली गुन्हा तुमचा होतो. परदेशात, व्हिसावर असताना, दुसऱ्याची कातडी वाचवायला आपल्या नावावर असं काही ओढवून घेऊ नका. शिवाय या थापेने तो सुटेलच असंही नाही. काही कौन्सिलांनी आपल्या भागात भाड्याच्या सगळ्याच खासगी घरांना परवाना सक्तीचा केलेला असतो, मग आत एकच कुटुंब का असेना. ईस्ट हॅम ज्यात येतं त्या तुमच्याच न्यूअम बरोत (लंडनच्या प्रशासकीय विभागात) 2013 साली इंग्लंडमध्ये पहिल्यांदा जवळपास सबंध बरोत अशी योजना सुरू झाली.

व्हिसाचं म्हणाल तर, वैध व्हिसावर असलेल्या माणसाने घराबद्दल खरं सांगितल्याने त्याचा व्हिसा जात नाही. तुमच्यापैकी कोणाची मुदत संपली असेल, तर मात्र त्याने अधिकारी येण्याआधी इमिग्रेशन वकिलाला वेगळं भेटावं. हे मी सगळ्यांदेखत लिहिते आहे, कारण अशा घरात एक जण तरी ही भीती मनात दाबून बसलेला असतो.

‘घर खाली करा’ ही धमकी तोंडी देऊन भागत नाही. विनाकारण घर सोडायला लावणारी सेक्शन 21 ची नोटीस 1 मे 2026 पासून बंद, आणि त्याआधीही विनापरवाना एचएमओत ती चालत नव्हती. कुलूप बदलणं, सामान बाहेर टाकणं हा 1977 च्या कायद्याने गुन्हा आहे. तसं झालं तर कौन्सिलच्या गृहनिर्माण विभागाला आणि पोलिसांना लगेच कळवा. घर कधीच सुटणार नाही, असा शब्द मात्र मी देणार नाही. कौन्सिलने परवाना नाकारला तर घर रिकामं करून मागायचा मार्ग कायद्यात आहे. पण तो नोटीस आणि कोर्टातून जातो, दमदाटीतून नाही.

आता पैशांचं. विनापरवाना काळात भरलेलं भाडं परत मिळावं म्हणून तुम्ही फर्स्ट-टिअर ट्रायब्युनलकडे (असे वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे) अर्ज करू शकता, प्रत्येकाने आपापला. पूर्वी कमाल 12 महिन्यांचं भाडं मिळे, म्हणजे तुमच्या हिशेबाने 7,200 पौंड. 2025 च्या रेंटर्स राइट्स अ‍ॅक्टने ही मर्यादा 1 मे 2026 पासून 24 महिने केली. तुम्हाला कुठली लागू पडते ते तारखांवर ठरेल. पूर्ण रक्कम मिळेल असं धरून चालू नका: भाड्यात वीज-गॅस असेल तर ते वजा होतं, आणि ट्रायब्युनल दोन्ही बाजूंचं वागणं बघतं. उद्या तुम्ही अधिकाऱ्याशी खोटं बोललात तर तेही तिथे निघेल.

परवान्याचा अर्ज रीतसर दाखल झाला की त्या दिवसापासून गुन्हा थांबतो, मागचा पुसला जात नाही. म्हणून आजच कौन्सिलच्या परवाना-नोंदवहीत तुमचा पत्ता शोधा आणि स्क्रीनशॉट ठेवा. बँकेच्या नोंदी, व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप, विशेषतः ‘कझिन सांगा’ हा निरोप, जपून ठेवा. गुन्हा फौजदारी दर्जाच्या पुराव्याने सिद्ध करावा लागतो. रोख भाडं देत असाल तर पावती मागा.

अर्ज कोणाविरुद्ध, हा तुमच्या प्रकरणातला खरा गुंता आहे. 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने राकुसेन विरुद्ध जेप्सेन खटल्यात ठरवलं की भाडेकरूने ज्याच्याकडून घर घेतलं त्याच्याविरुद्धच असा आदेश मिळतो, त्याच्या वरच्या मालकाविरुद्ध नाही. मधला माणूस गायब झाला की भाडेकरू हात चोळत बसत. नव्या कायद्याने वरच्या मालकालाही यात ओढलं आहे, पण ते पुढच्या काळासाठी. म्हणून दोघांचीही नावं हवीत. भाडं घेणाऱ्याला लेखी विचारा, घरमालकाचं नाव-पत्ता काय. 21 दिवसांत उत्तर देणं त्याच्यावर 1985 च्या कायद्याने बंधनकारक आहे. लँड रजिस्ट्रीतून थोड्या शुल्कात मूळ मालकाचं नाव मिळतं, तेही काढून ठेवा.

राहिलं कुलूप आणि गल्ली. एचएमओतल्या सामायिक जागा, त्यात पुढचं दारही आलं, दुरुस्त ठेवणं ही व्यवस्थापकाची जबाबदारी आहे. अधिकारी आला की ते दार आधी दाखवा. गल्लीतल्या टोळक्याबद्दल प्रत्येक वेळी पोलिसांच्या 101 या क्रमांकावर कळवून संदर्भ क्रमांक लिहून ठेवा, प्रसंग ताजा आणि धोक्याचा असेल तर 999. पोलीस कौन्सिलकडे आणि कौन्सिल पोलिसांकडे बोट दाखवत राहिले, तर 2014 च्या कायद्याखाली ‘एएसबी केस रिव्ह्यू’ (समाजाला उपद्रव देणाऱ्या वर्तनाच्या तक्रारींचा फेरआढावा) मागा. किती तक्रारींनंतर तो मागता येतो हे कौन्सिलच्या संकेतस्थळावर असतं. बऱ्याच ठिकाणी सहा महिन्यांत तीन. तो मागितला की त्या यंत्रणांना एकत्र बसून, आजवर काय केलं आणि पुढे काय करणार, हे तुम्हाला कळवावं लागतं. शेजाऱ्यांनाही बरोबर घ्या. त्यांची तक्रार तुमच्या घराबद्दल असली, तरी त्या गल्लीतून रात्री तेही येतात-जातात.

अधिकारी येण्याआधी वेळ असेल तर शेल्टर किंवा सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थांना फोन करून कागद दाखवा. त्यांचा सल्ला मोफत असतो. आणि पाचही जण त्या दिवशी घरी थांबा.