सात पानं हातात आल्यावर

चि. बाळ,

बेंगळुरूच्या पोकेमॉन पत्त्यांच्या स्पर्धेहून परतताना तुझा मेसेज गाडीतूनच आला होता. राणी चन्नम्मा एक्सप्रेस, दावणगेरेच्या आसपास, पहाटेची वेळ. "काका, पाच फेऱ्यांत तीन हरले. नशीबच खोटं माझं. आता पत्त्यांना हात लावत नाही." लगेच उत्तर दिलं नाही, कारण मनात आलेलं काहीतरी धीराचं वाक्य लिहून मोकळं व्हायचं नव्हतं. तुझ्याकडून डेकची, म्हणजे साठ पत्त्यांच्या संचाची, यादी मागवली, वहीतल्या नोंदींचे फोटो मागवले आणि दोन रात्री त्यावर बसलो.

सेकंड पीयूसीचं, म्हणजे बारावीचं वर्ष आहे. अभ्यासासाठी थांबायचं असेल तर थांब, मार्च होऊन जाऊ दे, पत्ते कुठे पळून जात नाहीत. पण "नशीब खोटं" म्हणून थांबू नकोस. ते कारण मी तपासलं, टिकत नाही.

तिसरी फेरी घे. तू लिहिलंस की दोनदा हात दाखवून परत पिसावं लागलं, समोरच्याला दोन जादा पानं मिळाली आणि डाव तिथंच गेला. आता तुझी यादी बघ. साठ पानांत बेसिक पोकेमॉन, म्हणजे ज्यांच्याशिवाय डाव सुरूच करता येत नाही ते, किती? आठ. पहिल्या सात पानांत आठांपैकी एकही न येण्याची शक्यता काढणं अवघड नाही, तुमच्या पीयूसीच्या गणितातलंच आहे. साठातली बावन्न पानं बेसिक नाहीत. म्हणून ५२ भागिले ६०, गुणिले ५१ भागिले ५९, असं सात वेळा करत जा. उत्तर ३५ टक्क्यांच्या जवळ येतं. म्हणजे तीन डावांतला एक डाव तू मलिगननेच, हात दाखवून परत पिसूनच, सुरू करणार, हे बेंगळुरूची गाडी पकडायच्या आधीच ठरलं होतं. बेसिक आठाचे बारा केलेस तर तोच आकडा १९ टक्क्यांवर येतो. त्यासाठी चार पानं कुठून काढायची हा खरा प्रश्न, आणि तो घरी बसून सोडवायचा. माझ्या मते तुझ्या यादीतली ती दोन स्टेडियम कार्डं (मांडली की दोघांनाही लागू होणारी) आधी जावीत. तुला ती आवडतात हे माहीत आहे, तरीही.

तुझे बाबा माझ्याकडे बारा वर्षं लेथवर आहेत. उद्यमबागेत शंभर कास्टिंग मशीनवर घेतले आणि पस्तीस रिजेक्ट झाले, तर ते देवाला दोष देतात का? आधी फिक्स्चर तपासतात, मग टूल, मग ड्रॉइंग. तसंच तपासायला शीक.

चौथी फेरी मात्र वेगळी, आणि तीच मला जास्त महत्त्वाची वाटते. तुला हवं असलेलं कार्ड डेकमध्ये एकच होतं आणि ते प्राइझमध्ये अडकलं. साठातली सहा पानं सुरुवातीलाच उलटी, न बघता, प्राइझ म्हणून बाजूला जातात, म्हणजे एकुलतं एक पान तिथं जाण्याची शक्यता दहात एक. तेवढं नशीब मान्य. पण पान प्राइझमध्ये आहे हे तुला कळलं कधी? तुझ्या नोंदीप्रमाणे चौथ्या टर्नला. आणि पहिल्याच टर्नला बॉल, म्हणजे डेकमधून पोकेमॉन शोधू देणारं कार्ड, खेळून तू सगळा डेक उघडून बघितला होतास! तेव्हा फक्त हवा तो पोकेमॉन शोधलास, उचललास आणि डेक मिटलास. डेक पहिल्यांदा हातात येतो ना, तेव्हा आपल्याला सहा बंद पानं वाचायची संधी मिळते. समोर काय आहे ते बघायचं नाही, काय नाही ते बघायचं. माझी सवय अशी: आधी एकेकटी पानं मोजायची, मग ज्यांचे दोन आहेत ते, मग एनर्जी, म्हणजे वार करायला लागणारी पानं. रोज रात्री जेवण झाल्यावर साठ पानं पिसून सहा बाजूला ठेव, उरलेल्यांवरून नजर फिरवून ती सहा कोणती ते वहीत लिही, मग उलटून बघ. सुरुवातीला दोन बरोबर येतील. महिनाभरात पाच येतात. मला तर पाचावर यायला जवळजवळ वर्ष लागलं, कारण मला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

पाचव्या फेरीबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, पण ती वाचून मला वाईट वाटलं. समोरच्याने एकाच टर्नमध्ये हातातून दोन एनर्जी लावल्या, जिथं एकच चालते, तुला दिसलं, आणि तू गप्प बसलीस. "तो मोठा होता, फाडफाड इंग्रजी बोलत होता, मला बोलायला जमलं नाही." बाळ, मास्टर्स, म्हणजे मोठ्यांच्या गटात सतरा वर्षांच्या मुलीसमोर पस्तिशीचा माणूस बसणारच. टेबलावर वय नसतं. तू हात वर करून जजला बोलावलंस तर ती तक्रार होत नाही. तो माणूस बहुधा विसरला असेल. त्याच क्षणी सांगितलं तर जज एनर्जी परत हातात घ्यायला लावतो आणि डाव पुढे चालतो. दोन टर्ननंतर सांगितलं तर काही मागे नेता येत नाही, आणि मग मनात राहतो तो संशय. स्वतःची चूक दिसली तरीही असाच हात वर करायचा. समोरच्याला दिसली नसली, तरीही.

आणि भाषेचं म्हणशील, तर तुझ्याइतकी तयारी फार थोड्यांची असते. घरात मराठी, शाळेत आणि बसमध्ये कन्नड, आजोळी कोंकणी, वर्गात इंग्रजी. शनिवारच्या बाजारात एकाच भाजीवालीशी अर्धं वाक्य या भाषेत आणि अर्धं त्या भाषेत बोलून तू भाव कमी करून घेतेस, मी पाहिलंय. जागतिक स्पर्धेत जपानी, कोरियन, ब्राझीलची मुलं समोरासमोर बसतात, एकमेकांचं एक वाक्य कळत नाही. कार्डाकडे बोट, डॅमेजचा आकडा दाखवायला बोटं, मान हलवली की पुढची चाल. ही भाषा आपल्या सीमाभागातल्या पोरांना शिकवावी लागत नाही.

त्या स्पर्धेचं तू विचारलं होतंस. पोकेमॉन वर्ल्ड चॅम्पियनशिप्स २००४ मध्ये फ्लोरिडातल्या ऑर्लँडोला पत्त्यांपासून सुरू झाली. व्हिडिओ गेम २००९ मध्ये आला. कितीतरी वर्षं ती अमेरिका आणि कॅनडातच व्हायची. २०२० आणि २०२१ कोरोनात गेली, मग २०२२ ला लंडन, २०२३ ला योकोहामा. तिथं थेट नाव नोंदवून जाता येत नाही, वर्षभराच्या अधिकृत स्पर्धांत गुण मिळवावे लागतात, आणि बेळगावातून हा रस्ता लांबचा आणि खर्चाचा आहे. प्रवास, व्हिसा, रजा, सगळं आलं. मी तुला खोटी आशा दाखवणार नाही. पण सराव इथंच बसून होतो. पोकेमॉन टीसीजी लाइव्ह हे याच पत्त्यांच्या खेळाचं ॲप फोनवर फुकट आहे.

तुझ्या भावाच्या स्विचवर तू पोकेमॉनचा जो दुसरा खेळ, व्हिडिओ गेम, खेळतेस, त्यातली एक गोष्ट मात्र पत्त्यांसाठी शिकण्यासारखी आहे. २०१४, वॉशिंग्टन. कोरियाच्या से जुन पार्कने मास्टर्सची फायनल जिंकली ती पाचिरिसूला टीममध्ये घेऊन. खारीसारखा दिसणारा, कुणी मोजतही नव्हतं असा पोकेमॉन. पण पार्कच्या टीममधला दुसरा पोकेमॉन, गायरॅडॉस, विजेपुढे चौपट कच्चा होता. पाचिरिसू 'फॉलो मी' करून समोरच्यांचे वार स्वतःकडे ओढून घ्यायचा आणि विजेचा वार तर पिऊनच टाकायचा. पार्कने आधी विचारलं असणार, मला कोणतं काम करून हवं आहे? मग त्या कामाचा गडी शोधला. तू उलट केलंस. इंटरनेटवरची जिंकलेली यादी जशीच्या तशी उचललीस, आणि त्यातलं कुठलं पान कशासाठी आहे हे विचारल्यावर अकरा पानांचं उत्तर तुला देता आलं नाही. ती अकरा पानं मी सोबतच्या कागदावर लिहून दिली आहेत. प्रत्येकापुढे एक ओळ लिही. लिहिता आली नाही तर ते पान काढ.

पावसाळ्याचं एक सांगतो, कारण मी त्यात फसलो आहे. आपल्याकडे जुलैत आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, भिंतींना ओल येते. चमकणारी फॉइल कार्डं त्या हवेत वाकतात. एका स्पर्धेत मी तसाच डेक घेऊन गेलो. समोरच्याने पत्ते कापले की दर वेळी फॉइल कार्डाशीच डेक दुभंगायचा. जजने बघितलं, ताकीद दिली आणि ती पानं बदलायला लावली. माझ्याकडे बदली पानं नव्हती. मी मुद्दाम केलं नव्हतं, पण खूण असलेलं पान ते खूण असलेलंच. तेव्हापासून डेक हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि जमेल तिथं साधं, न चमकणारं कार्ड. स्लीव्ह, म्हणजे पानांवरची प्लास्टिकची कव्हरं, सगळे एकाच पाकिटातले, एकाचाही कोपरा दुमडला की तो फेकायचा. आणि बाजारात स्वस्तात मिळणारी ती सोनेरी पाकिटं घेऊ नकोस. ती नकली असतात, स्पर्धेत चालत नाहीत. खरं कार्ड कडेने उजेडात धरलं तर मधोमध एक बारीक काळी रेघ दिसते.

बाबांशी मी बोलतो. त्यांच्या मनात "ऑनलाइन गेम" म्हटलं की कर्जात बुडालेली पोरं येतात, आणि ती भीती खोटी नाही. आपल्याच गल्लीत तसं घडलंय. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा केला, त्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे आणि ई-स्पोर्ट्सना वेगळं मानलं आहे. हा फरक तू त्यांना स्वतः समजावून सांग. माझ्यापेक्षा तुझं जास्त ऐकतील, जर सहामाहीचे मार्क हातात घेऊन गेलीस तर.

रविवारी सकाळी दहाला टिळकवाडीत माझ्या घरी ये. आत्यालाही आण, तिने बेंगळुरूला दिवसभर बाकावर बसून काढला, तिला एकदा नीट खेळ समजावून द्यायचा आहे. काकूने कुंदा आणून ठेवलाय. साठ पानं, वही आणि त्या अकरा ओळी घेऊन ये. आधी तिसरी फेरी पुन्हा मांडू, बारा बेसिक घालून.

तुझा,
काका